विजांचं वादळ बघताना देव जवळ वाटतो, हा भाबडेपणा आहे का?

तुमचे दोन प्रश्न आहेत. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या घरातून विजा बघताना देव जवळ आल्यासारखा वाटतो, त्याला ख्रिस्ती श्रद्धेत जागा आहे का? आणि असं वादळ नीट बघावं कसं?

जागा आहे, आणि भरपूर आहे. बायबलातलं 29वं स्तोत्र वादळाचंच आहे. 'परमेश्वराची वाणी' हे शब्द त्यात सात वेळा येतात, गडगडाटावर गडगडाट व्हावा तसे. वादळ आधी पाण्यावर, मग लबानोनच्या गंधसरूंवर, मग कादेशच्या रानात. म्हणजे समुद्राकडून जमिनीकडे. आपल्याकडे मे अखेरीला आणि ऑक्टोबरात बहुधा उलटं असतं. दुपारी सह्याद्रीवर ढग चढतात आणि संध्याकाळी बदलापूर, कल्याणकडून ठाण्यावर येतात, म्हणून पूर्वेची खिडकी धरा. जुलै-ऑगस्टच्या झडीत पाऊस धो धो, पण विजा फार कमी.

सुरुवात वाऱ्यावरून ओळखा. खाडीकडचा दमट वारा पडतो, पान हलत नाही, आणि मग अचानक पूर्वेकडून धूळ उडवत गार झोत येतो. ढगातल्या पावसाने गार झालेली ती हवा जड असते. खाली कोसळते आणि पावसाच्या आधी जमिनीवर पसरते. त्याच वेळी टीव्हीचा प्लग काढा, खोलीतले दिवे मालवा, डोळे अंधाराला सरावू द्या.

वीज चमकली की सेकंद मोजायचे. आवाज 3 सेकंदांत साधारण 1 किलोमीटर जातो. 45 मोजून झाल्यावर गडगडलं, तर वीज 15 किलोमीटरवर. मला ही मधली फट सगळ्यात मोलाची वाटते. चमक आणि आवाज एकाच क्षणी जन्मतात, तरी एकाची वाट बघावी लागते. मोजताना मन दुसरीकडे जात नाही, आणि स्तोत्राची एक ओळ त्यात सहज बसते. मग गडगडाट शेवटपर्यंत ऐका. विजेची रेघ काही किलोमीटर लांब असते, म्हणून जवळच्या टोकाचा कडकडाट आधी पोचतो आणि लांबच्या टोकाची घरघर मागून येत राहते. हे कळल्याने आश्चर्य ओसरत नाही. बायबलातल्याच ईयोबाच्या पुस्तकात, 38व्या अध्यायात, देव वादळातून बोलतो तेही प्रश्नच विचारत: तू विजांना पाठवशील आणि त्या 'आम्ही हजर आहोत' म्हणतील का?

मोजणी 30च्या आत आली की गच्ची, उपवन तलावाचा काठ, येऊरच्या जंगलाची वाट, झाडाचा आडोसा सगळं सोडून पक्क्या घरात या. खिडकीची काच लावा. लोखंडी ग्रिलला आणि नळाला हात नको, अंघोळही नको. विजा किती जवळ पडताहेत ते दामिनी ॲपवर दिसतं, पण ॲप बघत बसलात तर आकाश निसटतं.

एका गोष्टीत मात्र ठाम राहा. वादळाला कोणाच्या पापाची शिक्षा म्हणू नका. 13 मे 2024च्या वादळात घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली. ती इतरांहून जास्त पापी नव्हती. शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या 18 जणांबद्दल येशूने लूकच्या शुभवर्तमानात, 13व्या अध्यायात, हेच सांगितलं. विजा बघताना ज्यांच्या घराचे पत्रे उडाले असतील, त्यांचीही त्याच प्रार्थनेत आठवण ठेवा.

शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर जायचं नाही, हा सुरक्षेचा नियम. हा अर्धा तास बायबलातल्या एलीया संदेष्ट्याचा आहे. 1 राजे या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात त्याच्यासमोरून वादळ गेलं, पण परमेश्वर सोसाट्याच्या वाऱ्यात नव्हता, भूकंपात नव्हता, अग्नीत नव्हता. त्यानंतर मंद वाणी आली. 29व्या स्तोत्राबरोबर हेही वाचायलाच हवं. तेव्हा दिवे लगेच लावू नका. पन्हळीतून पत्र्यावर पडणारे थेंब ऐका, एकेकातलं अंतर वाढत जातं. त्यात पुन्हा दूर कुठे गडगडलं, तर तीस मिनिटं पहिल्यापासून मोजा.