तोंडातून दुर्बीण घालताना श्वास कोंडतो का?

प्रश्न : माझं वय १९. सोलापुरात वसतिगृहात राहून शिकते. तीन महिन्यांपासून छातीच्या खाली जळजळ होते, दुखतं. गोळी घेतली की तेवढ्यापुरतं थांबतं. डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून तपासायला सांगितलंय. मी आजवर साधं सलाईनही लावून घेतलेलं नाही, आणि दात घासताना ब्रश जरा आत गेला तरी उमासे येतात. नळी घशात असताना श्वास कोंडला तर? गुंगीचं इंजेक्शन घ्यावं का? मैत्रीण म्हणते, तुकडा काढतात म्हणजे कॅन्सरचा संशय असतो. खरं का?

उत्तर : श्वास कोंडत नाही. घशात दोन वाटा असतात, पुढे श्वासनलिका आणि मागे अन्ननलिका. दुर्बीण मागच्या वाटेने जाते. तिची जाडी साधारण ९ ते १० मिलिमीटर, म्हणजे करंगळीपेक्षा बारीक. हवेची वाट मोकळीच राहते.

मग कोंडल्यासारखं का वाटतं? दुर्बीण घालण्याआधी घशात लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा फवारा मारतात, त्यामुळे. तो कडू असतो. थोड्या वेळात जीभ जड होते, घसा सुजल्यासारखा वाटतो, आवंढा गिळलेला कळत नाही. दुर्बीण यायच्या आधीच अनेक जण इथे घाबरतात. घसा सुजलेला नसतो, फक्त बधिर झालेला असतो. त्या वेळी नाकातून एक लांब श्वास घेऊन बघ, हवा आत जातेय हे तुझं तुलाच कळेल.

तुला डाव्या कुशीवर झोपवतील, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतील (नेलपॉलिश आदल्या दिवशीच काढून टाक) आणि दातांत मधे भोक असलेला प्लास्टिकचा तुकडा धरायला देतील. दुर्बीण जिभेच्या मुळापाशी आली की डॉक्टर ‘गिळ’ म्हणतील. खरा त्रास त्या काही सेकंदांचा. उमासा येईल, येऊ दे. डॉक्टरांना ते रोजचंच आहे. नळी अन्ननलिकेत उतरली की तो बराच कमी होतो. एरवी सगळी तपासणी ५ ते १० मिनिटांत आटोपते. जठर नीट दिसावं म्हणून आत हवा सोडतात, त्याने पोट फुगल्यासारखं वाटतं. ढेकर आली तर लाजायचं कारण नाही.

बिघडतं ते बहुतेक तीन गोष्टींनी : तोंडाने धापा टाकणं, लाळ गिळायचा प्रयत्न करणं आणि हाताने नळी धरणं. लाळ गालावरून खाली वाहू दे, तिथे टॉवेल असतो आणि नर्स ती ओढूनही घेते. डोळे मिटू नकोस, समोरच्या एका जागेवर नजर ठेव. आधीचे चार-पाच दिवस रात्री डाव्या कुशीवर पडून, तोंड किंचित उघडं ठेवून, फक्त नाकाने श्वास घ्यायचा सराव कर. चार अंक मोजत आत, सहा अंक मोजत बाहेर, पाच मिनिटं. हा सराव खरोखर उपयोगी पडतो. त्या दिवशी सर्दीने नाक चोंदलं असेल तर आधी सांग.

तुझ्यासारखे पटकन उमासे येत असतील तर गुंगी जरूर मागावी, असं आमचं मत आहे. हातावर सुई टोचून बारीक प्लास्टिकची नळी आत ठेवतात, त्यातून औषध देतात. टोचतं तेवढंच. पुढचं बरंचसं आठवतही नाही. पण मग २४ तास स्कूटर चालवायची नाही, आणि सोबत जबाबदार मोठं माणूस हवंच. वसतिगृहात एकटीने खोलीवर जाऊन झोपणं चालणार नाही.

तुकड्याबद्दल मैत्रिणीचा समज चुकीचा आहे. जठराच्या अस्तराचे काही मिलिमीटरचे तुकडे घेतात, ते बहुतेक वेळा एच. पायलोरी हा जठरात राहणारा जिवाणू आहे का ते बघायला. एका चाचणीत तुकडा पिवळ्या जेलमध्ये ठेवतात, जिवाणू असेल तर रंग गुलाबी-लाल होतो. जठराच्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही, त्यामुळे दुखत नाही. मात्र तू घेतेस ती गोळी पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल अशा आम्ल कमी करणाऱ्यांपैकी असेल तर डॉक्टरांना आत्ताच सांग. या गोळ्यांनी जिवाणू कमी होतात आणि असूनही चाचणीत सापडत नाहीत, म्हणून सहसा दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात. अँटिबायोटिक असेल तर चार आठवडे. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नकोस.

आता रिकाम्या पोटाचं. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे इकडे ‘उपाशी’ म्हटलं की एकादशीचा उपवास डोळ्यांसमोर येतो. साबुदाणा, भगर, केळं, दुधाचा चहा हे सगळं इथे अन्नच. शेवटचं खाणं किमान ६ ते ८ तास आधी, साधं पाणी सहसा २ तास आधीपर्यंत. अन्न उरलं तर आतलं दिसत नाही आणि तपासणी पुन्हा करावी लागू शकते. त्याहून वाईट म्हणजे उलटी फुप्फुसात जाऊ शकते. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात दुपारपर्यंत उपाशी राहणं कठीण, तेव्हा सकाळची पहिली वेळ माग.

प्रश्न : मुलगा १७ वर्षांचा. त्याला दमा आहे, दातांना तारा आहेत. हीच तपासणी बार्शीहून सोलापूरला येऊन करायची आहे. काय काळजी घेऊ?

उत्तर : ताई, तो १८ च्या आतला असल्याने संमतीवर पालकांची सही लागेल, तुम्ही बरोबर हव्यातच. पंप सोबत आणा, त्या सकाळी घ्यायचा का हे आधी विचारा. पक्क्या तारांची अडचण सहसा येत नाही, पण सांगून ठेवा. काढता येणारी क्लिप काढून ठेवा. हलणारा दात असेल तर तोही सांगा. दम्यामुळे गुंगी कोणती आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. त्याच दिवशी परत जायचं असेल तर गुंगी उतरल्याशिवाय एसटीत बसवू नका.

तपासणीनंतर घशाचा बधिरपणा जाईपर्यंत, साधारण तासभर, पाणीही नको, ठसका लागतो. मग घोटभर पाणी, ते नीट उतरलं की मऊ भात किंवा दही-भात. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दुसऱ्या दिवशी. घसा एक-दोन दिवस खवखवेल. छातीत किंवा पोटात वाढत जाणारं दुखणं, ताप, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी किंवा श्वास लागणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात न्या. तसं क्वचितच होतं, पण तिथला रात्रीचा फोन नंबर निघतानाच लिहून घ्या.