शेक्सपिअरचं 'द टेम्पेस्ट' हे नाटक पहिल्यांदा वाचताय?

पहिल्या अंकाचा दुसरा प्रवेश लांबतो खरा, पण टाळू नका. भाऊ अँटोनिओने मिलानची गादी कशी बळकावली, हे बेटावर राहणारा जादूगार प्रॉस्पेरो आपल्या मुलीला, मिरांडाला, तिथेच सांगतो. जादूची करामत वरवर वाचली तरी चालेल, पाचवा अंक मात्र सावकाश घ्या. शत्रूंची दैना पाहून प्रॉस्पेरोच्या सेवेतला आत्मा एरियल म्हणतो, मी माणूस असतो तर मला दया आली असती. तिथेच प्रॉस्पेरो सूड सोडतो. मग तो अँटोनिओला माफ करतो, त्यावर भावाचं उत्तर शोधा. चकार शब्द नाही! (पुढे तोंड उघडतो, तेही प्रॉस्पेरोचा गुलाम कॅलिबन बाजारात खपेल म्हणायला.) याला सरसकट गोड शेवटाचं नाटक म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. आणि हो, तिसऱ्या अंकातलं बेटावरच्या नादांबद्दलचं कॅलिबनचं भाषण मोठ्याने वाचा.