वेंगुर्ल्यात, स्टुडिओशिवाय लार्ज फॉरमॅट

तुम्ही विचारलंय: ४×५ इंची शीट फिल्मचा जुना कॅमेरा हाती आलाय, स्टुडिओ नाही, दिवे नाहीत, तर पोर्ट्रेट आणि स्टिल लाइफ जमेल का?

घराला पडवी आहे ना? मग जमेल. मी मालवणजवळ राहतो. पावसाळ्यातला पडवीचा उजेड एका बाजूने येतो, मऊ असतो. मला तो दिव्यांपेक्षा आवडतो.

पण आधी वस्तू घ्या, माणसं हलतात. माझ्या पहिल्या शीटा जवळपास कोऱ्या निघाल्या, कारण उजेड मोजणारा मीटर म्हणेल तेवढंच एक्स्पोजर (फिल्मवर उजेड पडू द्यायचा वेळ) मी देत होतो. १५० मिमी लेन्सने तांब्या खऱ्या आकाराएवढा घ्यायचा तर भाता, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधली घडीची नळी, ३०० मिमीपर्यंत ताणावा लागतो. लेन्स आणि फिल्ममधलं अंतर दुप्पट झालं की फिल्मवर पोचणारा उजेड पाव. म्हणजे मीटरने २ सेकंद सांगितले तर द्यायचे ८. त्यात इतक्या वेळात फिल्मही सुस्तावते. इलफर्डच्या एचपी५ प्लस या फिल्मला त्या ८ चे साधारण १५ लागतात. भात्याचा हिशेब आधी, फिल्मचा नंतर. हे कळल्यावर फणसाचे गरे मांडून १५ सेकंद दिले. गरे झकास आले, त्यांच्यावर फिरणाऱ्या मुंग्या मात्र उमटल्याच नाहीत!

पोर्ट्रेटची गोम वेगळी. शीट ठेवलेला होल्डर कॅमेऱ्यात सरकवला की मागच्या फोकस करायच्या काचेवरचं उलटं चित्र दिसेनासं होतं. तेवढ्यात आजी जरा पुढे झुकते आणि डोळ्यांऐवजी कान स्वच्छ येतात. तिला खांबाला डोकं टेकवून बसवा. नाहीतर फोकस केल्यावर लेन्सपासून हनुवटीपर्यंत दोरा धरून गाठ मारा, आणि शटर दाबण्याआधी पुन्हा मापा. आजी हसणारच. हसून होऊ द्या.

दमट हवेचं म्हणाल तर लेन्स चामड्याच्या पेटीत ठेवू नका, बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरे. भात्यात अंधाऱ्या खोलीत टॉर्च लावून भोकं तपासा.

चेंजिंग बॅगेत (अंधारात फिल्म भरायच्या काळ्या पिशवीत) हात घामेजतात, म्हणून मी होल्डर रात्री काळोख्या खोलीत भरतो, पंखा बंद ठेवून, नाहीतर धूळ बसते. शीट उभी धरल्यावर तिच्या कडेच्या खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या की इमल्शनची, म्हणजे उजेड टिपणाऱ्या थराची बाजू आपल्याकडे. डेव्हलपिंगच्या वेळा बहुधा २० अंशांच्या दिलेल्या असतात आणि आपल्या नळाचं पाणी त्याहून गरम, तेव्हा डेव्हलपरचं भांडं बर्फाच्या परातीत ठेवा. बर्फ मासळीवाल्याकडचा चालतो.