जोडीदाराला नाते खुले हवे आहे. मग आमचे नाते टिकेल का?

समलिंगी पुरुष जोडपी समुपदेशनासाठी येतात तेव्हा दोघांपैकी एक जण, बहुतेक वेळा दुसरा फोन घ्यायला बाहेर गेलेला असताना, मला घाईघाईने विचारतो, "याला बाहेरही संबंध हवे आहेत. म्हणजे मी याला पुरत नाही, असंच ना? मग हे नातं टिकणार कसं?" या भीतीला माझे उत्तर निखिल आणि अभय यांच्या अनुभवातून देते. नावे आणि ओळख पटेल असे सर्व तपशील बदलले आहेत.

दोघे पुण्यात काही वर्षांपासून एकत्र राहत होते. सोसायटीच्या लेखी रूममेट म्हणून. अभयच्या फोनवर निखिलला डेटिंग ॲपवरचे एक संभाषण दिसले आणि त्यानंतर दूध, वीजबिल आणि किल्ली यांपलीकडे घरात बोलणेच उरले नाही. निखिलच्या मते हा उघड विश्वासघात होता. अभयचे म्हणणे असे, की कामानिमित्त बेंगळुरूला असताना जे घडेल ते घरी आणायचे नाही असे दोघांत ठरलेले होते आणि तो शब्द त्याने पाळला होता.

कोण खरे बोलतो आहे याचा निवाडा मी केला नाही. दोघांना एकेक कागद दिला आणि शरीरसंबंधांबाबत आज तुमच्यात काय ठरलेले आहे तेवढेच लिहा, काय असायला हवे ते नको, असे सांगितले. निखिलने लिहिले, "आम्ही दोघंच." अभयचे अर्धे पान भरले: बाहेरगावी चालेल, कंडोम हवाच, ओळखीतला कोणी नको, घरी सांगायचे नाही. निखिलने ते दोनदा वाचले आणि विचारले, "हे आपण कधी बोललो, अभय?" तेव्हा अभयने एका जुन्या पार्टीची आठवण सांगितली, जिथे निखिल हसत म्हणाला होता, "बाहेरगावी काय करतोस ते मला सांगू नकोस." एकाने थट्टेत उच्चारलेले वाक्य दुसऱ्याने परवानगी समजून वर्षानुवर्षे जपले होते.

सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ५६६ समलिंगी पुरुष जोडप्यांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ४५ टक्के जोडप्यांचा करार एकनिष्ठतेचा आणि ४७ टक्क्यांचा खुला होता, तर उरलेल्या ८ टक्क्यांत आपला करार कोणता आहे याविषयीच जोडीदारांची उत्तरे जुळत नव्हती. करारामागे एचआयव्हीपासून बचाव करण्यापेक्षा नाते दृढ व्हावे ही इच्छा अधिक प्रबळ होती, हेही त्यात दिसले. संमतीने खुल्या असलेल्या आणि एकनिष्ठ जोडप्यांच्या समाधानात अनेक अभ्यासांना मोठा फरक आढळलेला नाही, आणि माझाही अनुभव तसाच आहे. मला काळजी वाटते ती करार आहे असे दोघेही मानतात, पण प्रत्येकाच्या मनात तो वेगळा असतो अशा जोडप्यांची.

या तफावतीची झळ शरीरालाही लागते. बाहेर कोणी नाही या समजुतीवर निखिलने घरात कंडोम वापरणे सोडले होते. १९९३ साली ऑस्ट्रेलियात सुझान किपॅक्स आणि सहकाऱ्यांनी वाटाघाटीतून आलेल्या सुरक्षिततेची जी मांडणी केली, तिच्यात दोघांनी एचआयव्ही चाचणी करून एकमेकांना निकाल सांगणे, बाहेरच्या संबंधांविषयी स्पष्ट ठरवणे आणि ते मोडल्यास कळवणे या गोष्टी कंडोम सोडण्याच्या आधी येतात. म्हणून मी दोघांना सरकारी रुग्णालयातील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात एकत्र पाठवले, विंडो पिरियड (संसर्ग होऊनही चाचणीत दिसत नाही तो सुरुवातीचा काळ) संपून पुन्हा चाचणी होईपर्यंत घरातही कंडोम वापरायला सांगितले आणि प्रेपच्या, म्हणजे एचआयव्ही टाळण्यासाठी आधीपासून घ्यायच्या, गोळ्यांविषयी डॉक्टरांशी बोलण्याचा सल्ला दिला. जोखमीचा संबंध घडलाच तर ७२ तासांच्या आत पीईपी, म्हणजे संबंधानंतर एचआयव्ही टाळण्यासाठी घ्यायची औषधे, सुरू करावी लागते, आणि जोडीदारापासून लपवण्याच्या धडपडीत नेमके हेच तास वाया जातात.

आपल्याकडे अशा जोडप्यांना मध्यस्थी करणारे काका-मामा नसतात. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध ३७७ कलमाच्या कक्षेतून वगळले, तरी १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, त्यामुळे एकमेकांना दिलेल्या शब्दामागे ना विधी उभा असतो ना कायदा. जे काही ठरवायचे ते दोघांनाच, तोंडाने आणि लाज बाजूला ठेवून ठरवावे लागते.

पुढच्या भेटींत एक वेगळीच गोष्ट बाहेर आली. भाडेकरार एकट्या निखिलच्या नावावर होता आणि खरे सांगितले तर रात्रीतून घराबाहेर पडावे लागेल, या धास्तीने अभय गप्प राहत आला होता. घर गमावण्याच्या भीतीपोटी दिलेल्या होकाराला मी संमती मानत नाही, मग तो होकार एकनिष्ठतेला असो वा खुलेपणाला. निखिलला हे पटायला वेळ लागला, पण पटले. सध्या दोघांनी एकमेकांपुरतेच राहायचे ठरवले आहे, हे आपल्याला कायमचे जमेलच याची खात्री नसल्याचे अभयने स्पष्ट सांगितले आहे आणि सहा महिन्यांनी पुन्हा बसायचे आहे. मध्ये काही घडले तर पुढच्या जवळिकीआधी सांगायचे. ऐकणाऱ्याने चिडावे, रडावे, पण घराबाहेर काढण्याची धमकी द्यायची नाही. नव्या भाडेकरारावर आता दोघांचीही नावे आहेत.