एका दिवसाला एक वस्तू पुरे

रेडिंगहून एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले आहेत, शाळेला सुट्टी आहे, म्हणून दहा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी यांना घेऊन सगळे कुटुंब एक दिवस लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातली संग्रहालये पाहायला गेले आणि संध्याकाळी एकमेकांशी न बोलता परत आले. पत्रात तक्रारी पाच-सहा आहेत. पण माझे लक्ष ज्या वाक्यावर अडकले, ते लिहिणारीला तक्रार म्हणून लिहावेसेही वाटलेले नाही. त्या लिहितात, “धाकटी त्या देवमाशाच्या सांगाड्याखाली उभी राहून ‘हा कसा मेला’ एवढेच विचारत बसली, पण अजून दोन संग्रहालये व्हायची होती, म्हणून हात धरून तिला पुढे नेले.”

ताई, तुमचा दिवस तिथेच हातचा गेला. तुम्हाला तो दुपारी तीन वाजता, धाकटी बाकावर झोपली आणि थोरला फोनवर खेळू लागला तेव्हा बिघडल्यासारखा वाटला. पण तो सकाळी अकराच्या सुमारास, त्या ‘पुढे चल’मुळे बिघडला होता. सहा वर्षांच्या मुलीने आपण होऊन प्रश्न विचारला होता, आणि त्या प्रश्नाला उत्तरही होते. नैसर्गिक इतिहास संग्रहालयाच्या मुख्य दालनात टांगलेला तो सांगाडा निळ्या देवमाशाच्या मादीचा आहे. १८९१ मध्ये आयर्लंडमधल्या वेक्सफर्डच्या किनाऱ्याजवळ ती उथळ पाण्यात येऊन वाळूत अडकली आणि तिथेच तिचा शेवट झाला. सांगाडा सव्वापंचवीस मीटर लांब आहे. २०१७ मध्ये तो समुद्रात सूर मारत असल्यासारखा छताला टांगला आणि त्या मादीला ‘होप’, म्हणजे ‘आशा’, हे नाव दिले. एवढे सांगायला पाच मिनिटे लागली असती. त्यावर पोरीने आणखी दहा प्रश्न विचारले असते, आजीने कोकणच्या किनाऱ्याचे काही सांगितले असते, आणि बाकीचे काहीही न पाहता तुम्ही घरी आला असतात तरी चालले असते.

“प्रवेशाला पैसे पडत नाहीत, तेव्हा तिन्ही एकाच दिवशी उरकून घ्यावीत असे ह्यांचे मत पडले,” असेही तुम्ही लिहिता. हा हिशेब मला नेमका उलटा वाटतो. डिसेंबर २००१ पासून इथल्या राष्ट्रीय संग्रहालयांचा कायमचा संग्रह सर्वांना विनामूल्य पाहता येतो, आणि रेडिंगहून लंडनचे पॅडिंग्टन स्टेशन अर्ध्या तासावर आहे. ज्याला पुन्हा पुन्हा फुकट येता येते, त्याने घाई कशाला करायची? काटकसरीच्या सवयीने आपल्या पिढीला इथे तगवले हे मला मान्य आहे, पण तिकिटाचे पैसे वसूल करण्याची ती सवय मुलांच्या कुतूहलावर चालवू नका.

ही घाई मी स्वतः केलेली आहे, म्हणून एवढ्या अधिकाराने बोलते. १९९३ च्या उन्हाळ्यात माझे वडील आमच्याकडे आले होते. त्यांची सारी नोकरी कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर म्हणून झाली होती. इंग्रजी त्यांना कामापुरते वाचता येई, बोलता येत नसे. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता आणि त्याला मराठी समजत असले तरी उत्तर इंग्रजीतच येई. त्या दोघांत मी दुभाषी होते. विज्ञान संग्रहालयाला त्या काळी तिकीट होते, म्हणून मी कागदावर दालनांची यादी करून नेली होती. ती यादी ‘पफिंग बिली’ नावाच्या इंजिनापाशी संपली. १८१३-१४ च्या सुमारास बांधलेले, उत्तर इंग्लंडमधल्या वायलम खाणीचा कोळसा ओढणारे हे इंजिन जगातले शिल्लक राहिलेले सर्वांत जुने वाफेचे रेल्वे इंजिन आहे. वडिलांनी त्याला एक प्रदक्षिणा घातली, मग दुसरी घातली, आणि नातवाला म्हणाले, “भट्टीचे तोंड आणि धुराडे एकाच बाजूला कसे रे?”

मुलाला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. वडील गुडघ्यावर बसले आणि बोटाने फरशीवर रेघ ओढत त्यांनी सांगितले, की जाळाची नळी बॉयलरच्या पाण्यातून पलीकडच्या टोकापर्यंत जाते आणि तिथून वळून परत येते, म्हणजे त्याच जाळाने पाणी दोनदा तापते. मग वर-खाली होणारे दांडे आले, खालची दात्यांची चाके आली, वजनाने बिडाचे रूळ मोडत म्हणून मध्यंतरी या इंजिनाला आठ चाके लावली होती ती हकिकतही फलकावरून मुलाने वाचून आजोबांना सांगितली, आणि ती सांगताना त्याला मराठी शब्द शोधावे लागले, कारण आजोबांशी इंग्रजीत बोलता येत नव्हते. तिथून गोष्ट बार्शी लाइटवर, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या रेल्वेवर गेली. कुर्डुवाडीवरून जाणाऱ्या त्या अडीच फुटी रुळांवरची पहिली इंजिने इथल्याच लीड्स शहरात घडली होती, हे मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, माझ्या मुलाच्या शेजारी उभे राहून कळले. आम्ही पावणेदोन तास तिथे होतो. यजमान तिकिटाच्या पैशांवरून जरा कुरकुरले, ते साहजिकही होते. पुढच्या मे महिन्यात भारतात गेलो तेव्हा मात्र मुलाने दुसऱ्या कशाचाही हट्ट न धरता कुर्डुवाडीहून पंढरपूरची छोटी गाडी मागितली, आणि आजोबांच्या शेजारी खिडकीत बसून तो सारा प्रवास मराठीत प्रश्न विचारत होता.

म्हणून एका दिवसाला एक वस्तू घ्या. ती मुलाने निवडावी किंवा घरातल्या वडीलधाऱ्याने निवडावी, तुम्ही निवडू नका. आता तुमच्याच पत्राच्या तिसऱ्या पानावरचे एक वाक्य तुम्हाला परत वाचून दाखवते: “सासऱ्यांनी इचलकरंजीत तीस वर्षे मागावर काढली, त्यांना या गोष्टींत काय रस असणार?” हे वाचून मला वाईट वाटले. ज्या माणसाने तीस वर्षे ताणा, बाणा, धोटा आणि कांडी यांत काढली, त्याला तुम्ही यंत्रांच्या घरातून हात धरून बाहेर आणले. विज्ञान संग्रहालयाच्या संग्रहात रिचर्ड आर्कराइटचे सूत कातण्याचे यंत्र आहे, १७६९ सालचे. कापसाचा पेळू कमी-अधिक वेगाने फिरणाऱ्या रुळांच्या जोड्यांतून ओढून बारीक करायचा आणि मग त्याला पीळ द्यायचा, ही त्याची युक्ती होती. ते सध्या कोणत्या दालनात मांडले आहे, हे आधी चौकशी करून जा, सासऱ्यांना त्याच्यासमोर उभे करा आणि थोरल्याला त्यांच्याजवळ सोडून तुम्ही दोन पावले मागे राहा.

तुमच्या बाकीच्या प्रश्नांना फार जागा देत नाही. थोरला मराठी बोलत नाही, त्याचे उत्तर वर आले. वाघनखे दिसली नाहीत म्हणून तो हिरमुसला, पण व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची ती वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या मुदतीने महाराष्ट्रात गेली आणि प्रथम साताऱ्यात मांडली गेली; ती महाराजांनीच वापरलेली आहेत याचा पुरावा नाही, असे ते संग्रहालय स्वतः सांगते, हेही त्याला सांगा, दहा वर्षांच्या मुलाला एवढे समजते. सासूबाईंना बाहेरचे खाणे नको असेल तर दशमी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या, एक्झिबिशन रोडने सरळ वर चालत गेले की हाइड पार्क लागते. यजमान सारा वेळ फोनमध्ये होते, त्याबद्दल पुढच्या वेळी मुलांनाच त्यांच्याकडे प्रश्न घेऊन पाठवा. सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी दारापाशी चाकांची खुर्ची मिळते का ते विचारा, आणि ती घेण्यात कमीपणा मानू नका.

विज्ञान संग्रहालयाची वेळ आधी नोंदवून ठेवा, तीही विनामूल्य आहे. मात्र त्या दिवशी गाडीत धाकटीला जवळ घ्या आणि पॅडिंग्टन येईपर्यंतच्या अर्ध्या तासात, वेक्सफर्डजवळच्या वाळूत अडकलेल्या त्या देवमाशाचे काय झाले, ते तिला सांगा. ती अजून उत्तराची वाट पाहत असेल.