राउटरचं फर्मवेअर हाताने टाकायचंय? आधी उलटा करून बघा

प्रश्न : दादा, आम्ही जुळे सोलापुरात राहतो. राउटर चार वर्षांचा झालाय, स्वतः विकत घेतलेला. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन फर्मवेअरचं, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट दाबलं की 'नवीन व्हर्जन नाही' असं येतं, पण पुतण्याने कंपनीच्या साइटवर बघितलं तर तिथं नवीन फाइल आहे म्हणे. हाताने टाकू का? आणि बिघडला तर?

उत्तर : टाका की. आतलं बटण प्रत्येक वेळी खरं बोलतंच असं नाही, कंपन्या नवीन फाइल टप्प्याटप्प्याने सोडतात आणि जुन्या मॉडेलला तर कधीकधी साइटवरूनच घ्यावी लागते. पण आधी राउटर उलटा करा. खालच्या लेबलवर मॉडेल नंबर असतो आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात व्ही १, व्ही २ असं काहीतरी असतं, ते हार्डवेअर व्हर्जन. सगळा खेळ तिथंच आहे. नाव तेच, डबा तोच, पण व्ही २ च्या आत चिप वेगळी असू शकते, मग व्ही १ ची फाइल चालत नाही. नशीब चांगलं असेल तर राउटरच फाइल नाकारतो, नसेल तर राउटरची वीट होते, म्हणजे तो चालूच होत नाही. मी स्वतः मेव्हण्याच्या टॉवेलच्या कारखान्यातला राउटर असाच घालवलाय, लेबलवर सुताची धूळ बसलेली, पुसायचा कंटाळा केला आणि अंदाजाने फाइल टाकली. नंतर नुसता एक लाल दिवा, बाकी काही नाही. मेव्हणा अजून चहा पाजताना आठवण काढतो.

तर लेबलचा फोटो काढा, फाइल फक्त कंपनीच्याच साइटवरून घ्या आणि भारताची वेगळी फाइल असेल तर तीच घ्या. झिप असेल तर आधी उघडा, आतली डॉट बिन फाइल (काही कंपन्यांची वेगळ्या नावाची असते) तीच द्यायची, अख्खी झिप नाही. लॅपटॉप केबलने जोडा, वायफायवर करू नका. मग ब्राउझरमध्ये लेबलवरचा पत्ता टाका, बहुतेक १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. नेटवाल्याने दिलेलं युजरनेम पासवर्ड असेल तर ते कागदावर लिहून ठेवा, कारण काही वेळा अपडेटनंतर सगळ्या सेटिंग पुसल्या जातात आणि मग रविवारी नेटवाला फोन उचलत नाही.

आता लाइटचं. फाइल आधी राउटरच्या मेमरीत जाते, तपासली जाते आणि मग आतल्या चिपवर लिहिली जाते, हे लिहिणं चालू असताना लाइट गेली की संपलं. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी लाइटचा काय भरवसा! इन्व्हर्टर असला तरी साध्या मोडवर तो लाइट गेल्यावर क्षणभर दम घेतो, तेवढ्यात राउटर रिस्टार्ट होतो, त्यामुळे मागचं बटण यूपीएस मोडवर करा. नाहीतर सरळ पहाटे उठून करा. दिवे लुकलुकतात, स्क्रीन अडकल्यासारखी वाटते, तरी दहा मिनिटं हात लावू नका.

एवढी कटकट कशाला असं वाटत असेल तर २०१८ च्या मे मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा व्हायरस सापडला होता, निदान ५४ देशांत ५ लाखांच्या आसपास राउटर आणि तशी यंत्रं बाधित झालेली, आणि त्यातल्या बऱ्याच यंत्रांच्या सॉफ्टवेअरमधली सुरक्षेची भोकं आधीपासून सगळ्यांना माहीत होती. अपडेट झाल्यावर ॲडमिनचा पासवर्डही बदला, तो अजून ॲडमिनच असेल तुमचा.

प्रश्न : आमच्याकडे फायबरवाल्यांनीच दिलेला पांढरा डबा आहे, त्यालाही असंच करायचं का? (होटगी रोड)

उत्तर : अजिबात नको. त्याचं फर्मवेअर कंपनी स्वतः लांबून पाठवते आणि बाहेरची फाइल टाकली तर लाइनच बंद पडू शकते. तुम्ही फक्त वायफायचा पासवर्ड बदला, आणि तो डबा टीव्हीमागच्या बंद कपाटातून बाहेर काढा, एप्रिलमध्ये तिथं भाकरी भाजेल.