१०-११ किलोचं वॉशिंग मशीन घरी घ्यावं का? मोठी मशीन खरंच टिकत नाहीत का?

तुम्ही लिहिलंय की घरात सहा माणसं, ११ किलोचं फ्रंट लोड घ्यायचं मनात आहे, पण घरचे म्हणतायत मोठी मशीन लवकर बिघडतात. हे घरचे म्हणजे नक्की कोण हो? कारण हे वाक्य म्हणणारा माणूस बहुतेक वेळा घरातले कपडे धुणारा नसतो, हे मी लेखी द्यायला तयार आहे.

आमच्याकडे हे वाक्य माझ्या धाकट्या दिरांचं. नाशिकच्या अंबडला कंपनीत मेंटेनन्सला आहेत, त्यामुळे मिक्सरपासून बोअरच्या मोटरपर्यंत कशालाही हात लावायचा तर आधी भाऊजींचं मत. २०१५ चा सिंहस्थ होता, इंदिरानगरच्या रो-हाऊसमध्ये तेव्हा सगळे एकत्रच राहायचो, सासू-सासरे, आम्ही चौघं, भाऊजी-जाऊबाई आणि त्यांचा मुलगा, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पर्वणीला येणारे पाहुणे वेगळेच. रामकुंडावरून आलं की प्रत्येकाच्या पिशवीत ओल्या धोतर-साड्यांचा पिळा, वरून पाऊस, वाळायला जागा नाही. मी म्हटलं आता फुल ऑटोमॅटिक घ्यायचं आणि तेही नऊ किलोचं, त्या वेळी घरगुतीत ते मोठंच समजायचे. तर भाऊजी म्हणाले, "वहिनी, ड्रम मोठा म्हणजे बेअरिंगवर लोड जास्त. तीन वर्षांत ढोल वाजायला लागेल. सहा-साताचं घ्या आणि दोनदा लावा."

दोनदा लावा! लावणार कोण, वाळत घालणार कोण, घड्या कोण करणार? ज्या माणसाने जन्मात स्वतःचा रुमाल पिळला नाही तो मला दोनदा लावा सांगतोय. सासूबाई माझ्या बाजूने बोलल्या म्हणून मशीन आलं, नाहीतर काही खरं नव्हतं.

मशीन उत्तम चाललं. पुढे लॉकडाऊन उठल्यावर कधीतरी स्पिनच्या वेळी घर्रर्र आवाज सुरू झाला, आधी थोडा, मग गच्चीपर्यंत ऐकू जाईल असा. दिवाळीला भाऊजी आले (तोपर्यंत ते गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये गेले होते), आवाज ऐकला आणि सगळ्यांसमोर, माझा भाऊ बसलेला असताना, "म्हटलं नव्हतं?" एवढंच बोलून चकली उचलली. ते "म्हटलं नव्हतं" मला अजून टोचतं, म्हणून हे उत्तर लांबणार आहे, कंटाळा आला तर शेवट वाचा.

सिडकोतला एक मेकॅनिक बोलावला. आमच्या मशीनचा टब दोन भागांचा, स्क्रूने जोडलेला होता म्हणून उघडता आला. त्याने मागच्या अंगणात सगळं सुटं केलं आणि मला हाक मारली, "ताई, इकडे या, बघून घ्या." ड्रमच्या पाठीमागे तीन पायांचा एक अल्युमिनियमचा भाग असतो, त्याला ते लोक स्पायडर म्हणतात, सगळा ड्रम त्याच्यावर तोललेला. त्या पायांच्या खाचांत करड्या रंगाचा लगदा बसलेला, साबण आणि कपड्यांचा भुगा. त्याने स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तर खालून पांढरी पावडर सुटायला लागली आणि एका पायाला चक्क खड्डे पडलेले. मग टबाच्या मागे बोट दाखवलं, बेअरिंगच्या भोकापासून खाली तपकिरी ओघळ आलेला. म्हणाला, बेअरिंग लोडने नाही गेलं, पाणी अडवणारं रबरी सील गेलं, पाणी आत शिरलं, ग्रीस धुऊन गेलं आणि गोळ्या गंजल्या. हे सात किलोच्यालाही होतं, पाच किलोच्यालाही होतं. साबण किती टाकता ते सांगा आणि पाणी बोअरचं वापरता का ते सांगा.

दोन्हीचं उत्तर घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. उन्हाळ्यात टाकीत बोअरचं पाणी येतं, जड, नळांच्या तोट्यांवर पांढरा थर धरतो असलं. आणि जड पाण्यात फेस येत नाही म्हणून सासरे स्वतःच्या हाताने, हाताने कपडे धुवायची पावडर मूठभर जास्त टाकायचे. देवमाणूस, पण ऐकायचे नाहीत.

मी ते जुनं बेअरिंग मागून घेतलं. कडेला नंबर कोरलेला, ६२०६. पुढच्या वेळी भाऊजी आले तेव्हा चहाबरोबर बशीत तेच ठेवलं आणि विचारलं, कंपनीत हे वापरता ना, किती लोड घेतं? ते म्हणाले कॅटलॉगला डायनॅमिक रेटिंग, म्हणजे फिरताना सोसायच्या भाराचा आकडा, १९.५ किलोन्यूटनच्या आसपास असतं. म्हणजे किती? म्हणजे जवळजवळ दोन टन. बरं, आणि माझे कपडे किती? नऊ किलो, भिजले की दुप्पट-तिप्पट धरा. यावर ते रेटिंग म्हणजे रोज तेवढं वजन टाकायचं असं नसतं, फटीग असतो, सतत ताण बसून धातू थकतो वगैरे सुरू झाले, ते मलाही कळतं, पण चहा मात्र गार झाला.

आता त्यांची अर्धी बाजू खरी आहे तीही सांगते, कारण ती त्यांच्याच मुलाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, वहीवर मांडून दाखवली. ड्रमची त्रिज्या २५ सेंटीमीटर धरा, १२०० आरपीएमचं (मिनिटाला १२०० फेऱ्यांचं) स्पिन, आणि अर्धाच किलो कपडा एका बाजूला जास्त गोळा झाला तर बाहेरच्या बाजूला सुमारे दोनशे किलोची ओढ बसते, आणि ती ओढ सेकंदाला वीस वेळा दिशा बदलते. बेअरिंगचा, शॉकअपचा (टबाचे धक्के झेलणाऱ्या दांड्यांचा) आणि स्पायडरचा शत्रू हा आहे, एकूण वजन नव्हे. म्हणूनच मशीन स्पिनच्या आधी कपडे हलवून बघतं आणि जमलं नाही तर थांबतं, लोक चिडून परत परत बटण दाबतात ते दाबू नका. आणि गंमत बघा, मोठ्या ड्रममध्ये एकटी जीन्स किंवा एकच टॉवेल टाकला की हाच प्रकार होतो. म्हणजे मोठं मशीन घेऊन रोज चार कपड्यांसाठी लावणार असाल तर भाऊजी बरोबर, मग सात किलोचंच घ्या. मोठ्या मशीनला दिवसाआड भरून लावायची सवय पाहिजे.

भरून म्हणजे कोंबून नाही. ११ किलो लिहिलंय ते कोरड्या कपड्यांचं वजन आणि तेही कॉटनच्या प्रोग्रामला, क्विक वॉशला किंवा सिंथेटिकला त्याच्या निम्म्याहूनही कमी चालतं, पुस्तिकेत दिलेलं असतं, कुणी उघडत नाही. वर हात जाईल एवढी जागा राहिली पाहिजे. खरा फायदा कळतो तो नवरात्राच्या आधी, घट बसायच्या आत घरातल्या गोधड्या, चादरी, सोलापुरी, ब्लँकेटं सगळं धुऊन व्हायला लागतं तेव्हा. डबलची गोधडी सात किलोच्या ड्रममध्ये वजनाला बसते पण फिरत नाही, मधोमध कोरडी निघते. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये सात किलोचं मशीन आहे आणि दर वर्षी त्या आठवड्यात एका गाडीची डिकी ब्लँकेटांनी भरून आमच्या दारात उभी राहते. मी काही बोलत नाही. लावते.

गादीवरचं वॉटरप्रूफ कव्हर मात्र कोणत्याच मशीनमध्ये स्पिनला टाकू नका, त्यात पाणी पिशवीसारखं अडकतं आणि मशीन जागा सोडून चालायला लागतं.

टिकण्याचं म्हणाल तर आमचं बेअरिंग, सील आणि स्पायडर एकदा बदलला, अजून चालू आहे. दुकानात "मोटरवर १० वर्षं वॉरंटी" ऐकून भुलू नका, मोटर सहसा जातच नाही, जातं ते बेअरिंग आणि सर्किट, त्यांची वॉरंटी विचारा. आणि टब उघडता येतो का हे नक्की विचारा, हल्ली बऱ्याच मशीनचा टब वेल्ड करून बंदच केलेला असतो, मग हजार-दोन हजाराच्या बेअरिंगसाठी अख्खा टब बदलायला सांगतात आणि लोक मशीनच टाकून देतात. हा प्रश्न किलोचा नाहीच, लहान मशीनमध्येही तेच. लिक्विड मोजून टाका, जड पाणी असेल तर महिन्यातून एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर लिंबूसत्त्व टाकून फिरवा, आणि दार उघडं ठेवा.

राहिलं काही? हो, रुंदी आठाची आणि अकराची साधारण सारखीच असते, ६० सेंटीमीटर, पण मोठ्याची खोली वाढते, शिवाय मागे पाइपाला जागा लागते. नव्या स्कीममधल्या ड्राय बाल्कनीत ते बसलं तरी दार पूर्ण उघडेल की नाही ते टेप लावून बघा. सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल तर टाकी अगदी डोक्यावर असल्याने प्रेशर कमी पडतं, पाणी भरायलाच वेळ लागेल, छोटा पंप लागू शकतो. आणि इन्स्टॉलेशनवाला घाईत असला तरी मागचे ट्रान्झिट बोल्ट (वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले) समोर उभं राहून काढून घ्या, ते तसेच राहिले आणि स्पिन लागलं तर मशीन घरभर नाचेल. ते बोल्ट फेकू नका, घर बदलताना परत लागतात. आमचे भाऊजींनी कुठल्याशा डब्यात जपून ठेवलेत, कुठल्या ते त्यांनाही माहीत नाही.